तीस गाठी

"ताई, बाबांना भरीस तूच घातलंस ना?"

तेरुओ दारात उभा होता, अंगभर वाळवंटाची धूळ, हातातली थाळी तशीच भरलेली. छावणीच्या भोजनघरात रांगेत उभं असताना त्याला कळलं होतं, की सरकारी प्रश्नावलीवर त्याच्या मोरिकागे घरातल्या बाप-लेकीनं, दोघांनीही, 'नाही' लिहिलंय. मासाए खाटेवर बसून त्याचे मोजे रफू करत होती. तिची सुई थांबली नाही. याच प्रश्नाची ती सकाळपासून वाट पाहत होती.

वर्ष होत आलं होतं त्या सगळ्याला. जपानशी लढाई जुंपली आणि कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी पिकायला आलेली असताना सरकारनं आठवड्याची मुदत दिली, हातात मावेल तेवढं घ्या म्हणाले, आणि काटेरी तारांआड आणून टाकलं. गुन्हा काय, तर चेहरा जपानी. ही दोन्ही भावंडं याच मातीत जन्मलेली, पण ते कोणी विचारलं नाही. आणि आता त्याच सरकारला निष्ठेचा दाखला हवा होता. प्रश्न अठ्ठाविसावा: अमेरिकेशी एकनिष्ठ राहाल आणि जपानच्या सम्राटाचं नाव सोडाल का?

बाबा अडतीस वर्षं इथं राबले होते, पण कायदा त्यांना इथलं नागरिक होऊ देत नव्हता. "तिकडचं सोडायचं, इकडचे घेत नाहीत. मग मी मरू कोणत्या देशाचा म्हणून?" असं पुटपुटत त्यांनी 'नाही' लिहिलं. असं लिहिणाऱ्यांना उत्तरेकडच्या कडक पहाऱ्याच्या छावणीत हलवणार, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मासाएला मात्र पुढचं सगळं लख्ख दिसलं. त्यांच्यात म्हाताऱ्या आईबापांना सांभाळायचं ते मुलानंच, आणि तेरुओ एकुलता एक. बाबा एकटे निघाले असं कळलं असतं, तर त्यानं अमेरिकेच्या फौजेत जायला हौसेनं भरलेला भरतीचा कागद फाडून त्यांची वळकटी उचलली असती. फौजेत जिवाला धोका होता हे तिला कळत होतं. पण तारांआड तो पोरगा रोज थोडा थोडा मरतच होता. म्हणून त्याच्याऐवजी आपल्याला बाबांसोबत जाता यावं यासाठी तिनंही 'नाही' लिहिलं, आणि तेरुओला खरं कारण न सांगण्याचं बाबांकडून वचन घेतलं.

"हो," ती म्हणाली. "मीच सांगितलं त्यांना. या देशानं आपलं काय ठेवलंय?"

"आणि माझं काय? फौजेत विचारतील, घरी कोण असतं? काय सांगू, गद्दार बहीण?"

"कोणी नाही म्हणून सांग."

कोपऱ्यात बाबा लाकडाचा पक्षी कोरत होते. त्यांचा चाकू थांबला, ओठ हलले... मासाएनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते पुन्हा मान खाली घालून कोरू लागले. तेरुओनं थाळी जमिनीवर ठेवली आणि तो निघून गेला. भरतीच्या दिवशीही तो भेटायला आला नाही.

लढाईवर जाणाऱ्याच्या कमरेला पांढरा पट्टा बांधायची रीत आहे. हजार बायकांनी त्यावर एकेक लाल गाठ घालायची. जपानी पंचांगातल्या वाघाच्या वर्षात जन्मलेलीला मात्र वयाइतक्या गाठींचा मान, कारण वाघ कितीही लांब गेला तरी घरी परततो अशी समजूत. मासाए त्या वर्षाची. जुन्या मोजणीनं तिला तिसावं होतं. तिनं तीस गाठी घातल्या आणि पट्टा शेजारच्या कुवाबारा काकूंच्या हातात दिला.

"बाकीच्या तुम्ही गोळा करा, काकू. माझं नाव काढू नका, नाहीतर तो फेकून देईल."

"कमाल आहे बाई तुझी. सरकारला नाही म्हणतेस आणि शिपायासाठी गाठी घालतेस," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पट्टा कोटाच्या आत लपवला.

उत्तरेच्या छावणीतून तिनं धाडलेली पत्रं न फोडताच परत येत राहिली. दुसऱ्या हिवाळ्यात बाबांनी मरायला जपानातल्या आपल्या गावी जायचा हट्ट धरला. सरकारनं मासाएपुढे नवा कागद ठेवला, सोबत जायचं तर जन्मानं मिळालेलं नागरिकत्व सोडा. बाबांना एकटं कसं जाऊ द्यायचं म्हणून तिनं सही केली. वसंतात बाबा खोकून खोकून गेले. सही तेवढी राहिली. लढाई संपली, तरी सरकारी कागदाला मागे फिरणं ठाऊक नव्हतं.

तिला जपानला नेणारी बोट सुटायला तीन दिवस उरले असताना तेरुओ आला. छातीवर पदक, डावी बाही रिकामी, टाचणीनं वर अडकवलेली. फाटकावरच्या शिपायानं त्याला सलाम ठोकला आणि मग त्याचे खिसे तपासले.

"बाबा?" त्यानं विचारलं.

मासाएनं अस्थींची लहानशी पेटी टेबलावरून पुढे सरकवली. त्यानं पेटीवर कपाळ टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"इटलीत इस्पितळात पडून होतो," तो खालीच बघत म्हणाला. "करायला काही नव्हतं, म्हणून गाठी मोजल्या. नऊशे सत्तर वेगवेगळ्या हातांच्या. पहिल्या तीस एकाच हाताच्या, डावीकडे ओढलेल्या. माझे मोजे जन्मभर असेच रफू झालेत, ताई."

"पुष्कळ बायका तशा शिवतात."

"तुला खोटं कधीच नीट बोलता आलं नाही. मीच गाढव. तू खरंच जपानची असतीस, तर अमेरिकेच्या शिपायासाठी गाठी घातल्या असत्यास? बाबांना तू काहीच सांगितलं नव्हतंस. माझं कर्तव्य तू केलंस... आणि मी तुला गद्दार म्हणालो."

तीन वर्षं कोंडून ठेवलेलं रडू आता तिला आवरेना. "परत आलास ना? मला तेवढंच हवं होतं रे."

"मी साहेबांशी बोलतो. हात दिलाय मी यांना."

"सगळे अर्ज करून झाले. मंगळवारी बोट आहे. तिकडे माझ्या ओळखीचं कोणी नाही बघ. माझं जपानी ऐकून लोक हसतील."

त्यानं कोटातून पट्टा काढला. पिवळा पडलेला, एका कडेला तपकिरी डाग. "वाघीण आहेस ना तू? मग परत यायचं," असं म्हणत त्यानं तो तिच्या कमरेभोवती घातला. पण एका हातानं गाठ बसेना, दोनदा सुटली.

"ताई, एक टोक तू धर."

पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं सांगितलं. तिनं टोक घट्ट धरलं, आणि गाठ बसेपर्यंत दोघंही जागची हलली नाहीत.