भूरी खोहातली दुसरी बॅटरी

शशकर्ण! तांबूस अंगाचं, लांब काळ्या कानांचं, उडत्या पक्ष्याला झेप घालून खाली ओढणारं ते रानमांजर. ते भूरी खोहात अजून आहे की संपलं, एवढं एकच शोधायला तिघं जण जूनमधल्या एका पहाटे आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधून बाहेर पडले.

हेतू रेवतीचा होता. मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहून ती अरवलीतल्या जनावरांवर संशोधन करत होती. अलवारकडच्या डोंगरांत, भूरी खोह नावाच्या एका दरीत, तिला हिवाळ्यात पंजाचे दोन ठसे दिसले होते. मांजराचे म्हणावेत तर मोठे, बिबट्याचे म्हणावेत तर फार लहान. "जूनमध्ये सगळे पाणवठे आटतात, ताई. खोहात एकच डबकं उरतं. जो कोणी असेल तो तिथे येणारच. बिल्कुल पक्कं!" असं म्हणून तिने आपल्या मावसबहिणीला, देवयानीला, पटवलं होतं.

देवयानी केंद्र सरकारच्या एका खात्यात विद्युत अभियंता होती. खुर्चीत बसून इतरांच्या तारांना मंजुरी देता देता तिचे हात शिवशिवत. म्हणून गेल्या हिवाळ्यात तिने एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला आणि त्याची सगळी वायरिंग स्वतः केली. आणि तिसरे होते तिचे सासरे, श्यामकांत. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर नकाशे काढत डोंगर तुडवलेले. नवरा मानस ऑफिसच्या कामासाठी शिलाँगला होता. त्याने फोनवर म्हटलं, "बाबांना या उन्हात नेऊ नकोस." श्यामकांतांनी फोन हातातून घेतला आणि म्हणाले, "मला कोणी नेत नाहीये. मी जातोय."

गुरुग्रामचे काचेचे मनोरे मागे पडले, मग टोलनाका, मग मोहरीच्या गिरण्या. डांबर संपलं आणि जीपमागचा ट्रेलर दगडांवरून खडखडायला लागला. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ सरकत आले. पानं गाळून उभी असलेली धोक नावाची झाडं इतकी करडी होती, की दगडातूनच फांद्या फुटल्यासारखं वाटावं.

"आता ही घळ लागली," श्यामकांत म्हणाले.

"घळ म्हणजे?" दिल्लीत वाढलेल्या रेवतीने विचारलं.

"पाण्याने डोंगरात कापलेली अरुंद वाट. तू तिच्यातल्या जनावरांवर प्रबंध लिहितेस, आणि नाव माहीत नाही?"

"आम्ही खोहच म्हणतो ना, काका!"

घळीच्या वरच्या अंगाला, एका पसरट खडकाच्या आडोशाला, त्यांनी तळ ठोकला. रेवतीने डबक्याशी खांब रोवून त्यावर दोन कॅमेरे बांधले. समोर काही हललं की ते चित्र टिपत आणि त्याची लहानशी प्रत रेडिओवरून तळावरच्या यंत्राला पाठवत. त्या यंत्राला अखंड वीज हवी होती. फ्रिजलाही हवी होती. त्यात पिण्याचं पाणी, दही आणि बर्फ होता. आणि वीज होती ट्रेलरच्या बॅटरीत.

जीपची बॅटरी वेगळी. तिचं काम एकच, इंजिनाला धक्का देऊन जागं करणं. ट्रेलरची दुसरी बॅटरी संथपणे घर चालवायची. गाडी धावत असताना मधला एक रिले दोघींना जोडून द्यायचा, म्हणजे दुसरीही भरत राहायची. इंजिन बंद झालं की तो त्यांना तोडायचा, म्हणजे घरातल्या उधळपट्टीने गाडी अडकू नये. देवयानीला ही व्यवस्था फार आवडायची. दोन बहिणी, एक चूल, पण डबे वेगळे!

आणि नेमकं तेच बिघडलं. ऊन उतरायच्या वेळेला फ्रिज पी-पी करत बंद पडला. ट्रेलरच्या भिंतीवरच्या मीटरवर आकडा साडेदहा व्होल्टवर आला होता. म्हणजे बॅटरी रिकामी!

"असं कसं?" देवयानी पुटपुटली. "दिवसभर गाडी चालली. घरून निघताना चार्जरवर पूर्ण भरली होती."

तिने फ्यूज पाहिले. चांगले होते. रिले टकटक वाजत होता. शेवटी तिने ट्रेलरमधलं सगळं बंद केलं, आणि रेवतीचं यंत्र जीपच्या सॉकेटला लावू दिलं. "फार वेळ नको. सकाळी इंजिन सुरू करून भरून घेऊ."

सकाळी तिला एक गंमत दिसली. भिंतीवरचा आकडा वर चढला होता! साडेबाराच्या आसपास. ना सोलर पॅनेल, ना चार्जर. रिकामं भांडं आपोआप भरतं का कधी? ती त्या आकड्याकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात रेवती धावत आली. "ताई, चलो! डबक्याशी काहीतरी येऊन गेलं. चित्र अर्धवट आलंय. नुसती शेपटी!"

शेपटी! मग कोण थांबतंय? तिघं घळीत उतरली. इंजिन सुरू करायचं राहून गेलं.

डबक्याच्या चिखलात नीलगाय होती, कोल्हा होता, मोर होते. त्या सगळ्या ठशांच्या गर्दीत रेवतीला एक गोल ठसा मिळाला. नखं न उमटलेला, ताजा! ती पालथी पडून त्याचं माप घेत राहिली. श्यामकांत तिच्या डोक्यावर टोपीची सावली धरून बसले. स्वतःचं डोकं उघडं आहे याचं त्यांना भान नव्हतं, आणि देवयानीलाही नव्हतं. तिच्या डोक्यात तो आकडाच फिरत होता.

परतीच्या चढावर श्यामकांत मागे पडले. खडक तव्यासारखे तापले होते. वारा थांबला होता. तळ दिसू लागला तेव्हा ते एकदम थांबले आणि म्हणाले, "धीरज, दुर्बीण सावलीत ठेव."

देवयानीने वळून पाहिलं. धीरज? धीरज तर त्यांचा नोकरीतला मदतनीस, कधीच निवृत्त झालेला! तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ भट्टीसारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही.

"रेवती! धर त्यांना!"

दोघींनी त्यांना खडकाच्या सावलीत आडवं केलं. सदरा उघडला. कोमट पाणी अंगावर ओतलं. टॉवेलने वारा घातला. ते काहीतरी पुटपुटत होते, पण शब्द लागत नव्हते. फोनला रेंज नव्हती. जवळचं गाव डोंगराच्या पलीकडे. एकच उपाय होता. जीप सुरू करायची, आतला एसी लावायचा आणि थेट दवाखाना गाठायचा.

देवयानीने किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक! नुसता टक! रेवतीच्या यंत्राने जीपची बॅटरी पिऊन टाकली होती.

"माझ्यामुळे..." रेवतीचा चेहरा पांढरा पडला.

"लावू मीच दिलं होतं. रडायचं नंतर. टॉवेल ओला ठेव, वारा घालत राहा."

पश्चिमेकडे आभाळ मातकट झालं होतं. आंधी येत होती. धुळीची भिंत डोंगर गिळत पुढे सरकत होती. देवयानीने डोळे क्षणभर मिटले. रिकामं भांडं आपोआप भरत नाही. मग? मग ते रिकामं नव्हतंच! भिंतीवरचा मीटर बॅटरीपाशी कुठे मोजतो? तो मोजतो तारांच्या दुसऱ्या टोकाला. फ्रिज ओढ घेतो तेव्हा आकडा पडतो, ओढ थांबली की चढतो. धान्य कोठारात आहे. वाट अडली आहे!

तिने ट्रेलरच्या पुढची पेटी उघडली आणि हातातला मीटर थेट बॅटरीच्या दोन टर्मिनलवर टेकवला.

साडेबारा. जवळजवळ भरलेली!

"रेवती! आहे! वीज आहे!"

पण एका बॅटरीची वीज दुसरीला देणाऱ्या जंपर केबल आखूड होत्या. बॅटरी जीपच्या मागे, इंजिन पुढे. तारांमधला दोष शोधायला वेळ नव्हता. तिने पाना उचलला. आधी ऋण टोक. मग धन. पट्टा सोडला. बॅटरी उचलली तेव्हा पाठीतून कळ गेली. धान्याच्या पोत्याइतकी जड! ती दोन पावलं चालली. ठेवली. पुन्हा उचलली. धुळीचा पहिला लोट अंगावर आला. डोळ्यांत माती! ट्रेलरचं कापडी छत फडफडलं, फाटलं आणि घळीकडे उडून गेलं. ती बॅटरी पोटाशी धरून चाचपडत जीपच्या नाकापर्यंत पोचली.

लाल चिमटा एका बॅटरीच्या धन टोकाला. दुसरा लाल दुसरीच्या धन टोकाला. काळं भरलेल्या बॅटरीच्या ऋण टोकाला. आणि शेवटचं काळं? बॅटरीजवळ ठिणगी नको. लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडावर! चिमटा बसला. छोटी ठिणगी उडाली.

आता लगेच किल्ली फिरवायची नव्हती. भरलेल्या बहिणीकडून रिकाम्या बहिणीकडे थोडं वाहू द्यायला हवं होतं. ती स्टिअरिंग धरून बसली. मागे रेवती श्यामकांतांच्या तोंडावर ओला टॉवेल धरून त्यांच्यावर ओणवी झाली होती. थांब. अजून थोडं. थांब...

तिने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं. खोकलं. आणि धडधडून जागं झालं!

केबल काढल्या, एसी लावला, श्यामकांतांना मागच्या सीटवर निजवलं. ट्रेलर सोडवून तिथेच ठेवला. रेवती दारात उभी होती. तिची नजर घळीकडे गेली. तिथे कॅमेरे होते. चित्रं साठवलेली कार्डं होती. त्या शेपटीचा मालक कदाचित त्यांच्यातच होता.

"पळत जाऊन येऊ शकते," ती म्हणाली. मग तिने काकांच्या ओठांकडे पाहिलं. "नाही. चलो, ताई. उडाले तर उडाले."

तिने धाडकन दार लावलं. जीप धुळीत शिरली.

दवाखाना छोटा होता, पण डॉक्टर होते आणि बर्फ होता. सलाइन लागलं. संध्याकाळी श्यामकांतांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "ठशाची रुंदी किती भरली?" रेवती हसता हसता रडायला लागली.

डॉक्टरांनी त्यांना दोन दिवसांनी सोडलं. त्याआधी त्या दोघी गावातून ट्रॅक्टर घेऊन जाऊन ट्रेलर घेऊन आल्या. कॅमेऱ्यांचा खांब आंधीने उपटला होता. एक कॅमेरा नाहीसा झाला होता, दुसरा दगडावर आपटून फुटला होता. रेवतीने तुकडे पिशवीत भरले. कार्डांवरचं एकही चित्र वाचलं नव्हतं.

गावातल्या शाळेच्या आवारात, कडुलिंबाखाली, देवयानी ट्रेलरच्या सांगाड्यापाशी बसली. बॅटरी तिने पुन्हा पेटीत बसवली होती. आता तिला घाई नव्हती. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी पुढेपुढे सरकवत ती एकेक जोड तपासत गेली. एका बोल्टशी आकडा उडाला. सगळ्या ट्रेलरच्या विजेची बॅटरीकडे परतायची वाट त्या एका बोल्टमधून जात होती. तिने तो सोडवला, आणि खाली निघाला गुळगुळीत, चकचकीत निळा रंग!

"अच्छा!" ती स्वतःशीच म्हणाली. "रंगावरच बोल्ट आवळला होता मी! रंगातून वीज कुठे जाते? निव्वळ आट्यांच्या स्पर्शावर चालत होतं. डोंगरात हादरे बसले, ढिला झाला. भरायची वाट बंद, आणि द्यायचीही."

श्यामकांत बाजेवर टेकून बघत होते. "म्हणजे तुला सापडलं."

"माझं सापडलं, बाबा. रेवतीचं राहिलं."

"माझंही राहिलं नाही," रेवती म्हणाली. तिने ठशाचा कागद उलगडला. "शशकर्ण होता असं मी लिहिणार नाही. पण कोणीतरी आहे. एवढं मला कळलं."

देवयानीने पॉलिश पेपर घेतला आणि रंग घासायला लागली. श्यामकांतांनी हात पुढे केला. ती "नको" म्हणणार होती, पण तिने तुकडा फाडून त्यांना दिला. सासरा आणि सून शेजारी शेजारी बसून लोखंड घासत राहिले. निळ्याखालून राखाडी आलं, राखाडीखालून चांदीसारखं लख्ख. तिने बोल्ट आवळला, वरून ग्रीसचा हात फिरवला आणि बटण दाबलं.

फ्रिज घुमला. भिंतीवरचा आकडा जागचा हलला नाही.

"आता दही आत ठेवा रे कोणीतरी," श्यामकांत म्हणाले.