लवंगेच्या तेलातलं मेण

थोरल्या भावाला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी तिची अक्कलदाढ दुखायला लागली आणि त्याच वर्षी तेलाच्या कारखान्यात नवं यंत्र आलं. तिचं काम वास तपासायचं. तिनं ‘पास’ म्हटल्याशिवाय तेलाचा थेंब बाहेर जात नसे. सगळे तिला नाकवाली म्हणत.

गाल धरून ती यंत्राच्या खोलीत शिरली आणि थेट एका परक्या माणसावर आदळली. यंत्र बसवायला आलेला फिटर. त्याच्या हातातली परात हलली, दोन-चार लवंगा खाली सांडल्या.

“बघून चालावं माणसानं,” ती म्हणाली.

“आणि गाल धरून चालणाऱ्यानं?” त्यानं परातीतली एक लवंग पुढे केली. “दाढेखाली धरा. दिवसभर लवंगाच दळतोय. माझ्याजवळ नुसतं उभं राहिलात तरी ठणका थांबेल.”

ती उभी राहिली... ठणका थांबला नाही, पण ती हललीही नाही.

त्यानं तिला यंत्राची जाड काचेची खिडकी दाखवली. आत सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच वायू, दाबून द्रव केलेला. मध्ये पाण्याच्या पातळीसारखी रेघ होती. उष्णता एकतीस अंशांपुढे गेली, दाब हवेच्या त्र्याहत्तरपट झाला, तशी ती रेघ पुसट झाली... आणि नाहीशीच झाली. खिडकी लहान होती. दोघांची डोकी जवळ आली होती.

“आता हा ना धड वायू, ना धड द्रव,” तो म्हणाला. “वायूसारखा फटीफटींत शिरतो, द्रवासारखं तेल विरघळवतो. दाब सोडला की तेल खाली ठेवून निघून जातो. मागे स्वतःचा वासही ठेवत नाही.”

“म्हणजे तुमच्यासारखाच. काम झालं की उडाला.”

तेल पास झालं की त्याला पुढच्या गावी जायचं होतं.

पहिलं तेल गढूळ आलं. तिनं कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन हुंगला. वास होता, पण रजईखाली दडपल्यासारखा.

“मेण आलंय. नापास.”

“दाब जास्त झाला,” तो म्हणाला. “जास्त दाबलं की हा हावरा होतो. लवंगेतलं मेणही ओढून आणतो.”

दुसरं तेलही तसंच. तिसरंही. मालक म्हणाले, आता बिघडलं तर यंत्र परत पाठवू.

घरी वहिनी दोन्ही खांद्यांवर एकेक मुलगी थोपटत होती. “त्या यंत्राला झालंय तरी काय?”

“यंत्र ठणठणीत आहे, वहिनी.”

“मग माणसाला झालंय!”

दुसऱ्या दिवशी तिनं दाबाचा काटा पाहिला. तिन्ही वेळा होता तिथेच, गरजेहून वर. चूक इतकी नेमकी नसते. आणि नापास म्हणताना आपल्यालाही बरं वाटत होतं, हे आठवून तिचा चेहरा तापला.

“दाब कमी करा.”

“केला तर तेल पास होईल.”

“व्हायलाच हवं.”

“मग मला... जावं लागेल.”

“जा. बिघडलेल्या तेलाच्या आडून राहिलेला माणूस मला नको.”

“मग कसला हवाय?”

“परत आलेला,” ती म्हणाली आणि पट्ट्या मोजायला लागली.

चौथं तेल काचेसारखं नितळ आलं. तिनं पट्टी हुंगली आणि ‘पास’ म्हटलं. त्यानं हत्यारांची पेटी बंद केली.

“या वायूचं एक सांगायचं राहिलं. तो उडून जात नाही. थंड होऊन त्याच टाकीत परत येतो, पुढच्या खेपेला.”

“सगळा?”

“थोडा गळतो,” तो म्हणाला. “बाकीचा येतो.”

जुळ्या पावलं टाकायला लागल्या तेव्हा तो आला. हात रिकामे, वजन थोडं उतरलेलं. तिनं दारातच त्याची बाही हुंगली.

“पास?” त्यानं विचारलं.

“आत या आधी... वहिनी बघतेय.”

संसार बरा झाला. दाढ तिनं कधी काढली नाही. दुखली की त्याच्याजवळ जाऊन बसायची. जुळ्यांतल्या धाकटीला मुलगा झाला, त्या वर्षीच्या हिवाळ्यात नाकवालीचा फिटर वारला.