कॅथरिनची वही

रेगे त्या रात्री फक्त एक वही आणायला गेला होता. ‘गेले होते’ नाही म्हणणार मी. नोकरीभर साहेब म्हटलं, तेवढं पुरे. हसू नकोस चिराग, ऐक.

डॉ. भार्गव रेगे इथेच बोळिंजला आमच्या इमारतीत राहायचा. क्ष-किरणांनी स्फटिकांच्या आतली रचना शोधायची, हे आमच्या संस्थेत त्याचं काम. किरण स्फटिकातून गेले की फिल्मवर ठिपके उमटतात. फिल्मा धुणारा मी. ठिपक्यांवरून गणित मांडणारी गास गावची कॅथरिन. आणि रेगे? रेगे सही करायचा. अकरा वर्षं राबून तिने जो स्फटिक उलगडला, त्याच्यावर हा परदेशात भाषणं ठोकून आला. शोधनिबंधात तिच्या वाट्याला शेवटची एक ओळ, यंत्र सांभाळल्याबद्दल आभार. मी विचारलं, तर म्हणाला, बटणं दाबणाऱ्यांची नावं छापत नसतात, काशीराम.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये ती काविळीने गेली. नोव्हेंबरात याला मोठा पुरस्कार जाहीर झाला, आणि मग याला तिची वही आठवली. सगळं गणित तिच्या अक्षरात, तारखांसकट. दुसऱ्या कुणाच्या हाती लागली असती तर...

चौदा नोव्हेंबर, शनिवार. रात्री साडेनऊला तो स्कूटरने गासला पोहोचला. वीज गेलेली. कॅथरिनची आई, डेल्फिनबाय, मेणबत्ती लावून बसली होती. वही संस्थेची आहे, असं याने म्हातारीला खुशाल सांगितलं.

"माडीवर हाय," ती म्हणाली. "माझे गुडघे चढत नाय. तुमीच आना."

तो बॅटरी घेऊन वर गेला. दार ढकललं. टेबलावर वही. हात पुढे केला...

वास आला. फिल्म धुण्याच्या रसायनाचा.

बॅटरी विझली.

अंधारात पाणी हललं. कुणीतरी काहीतरी विसळत होतं. सावकाश...

मग अगदी कानाशी, कॅथरिनच्या रोजच्या आवाजात, "सर, दार लावा. फिल्म धुतेय."

...

साडेदहाला तो माझ्या दारात उभा. एका पायात चप्पल. हा थोर शास्त्रज्ञ बटणं दाबणाऱ्याचा हात सोडेना. पहाटेपर्यंत सगळं ओकला. मला वाटलं, आता तरी खरं बोलेल. कसलं काय! डिसेंबरात पुरस्कार घेतला, भाषणात तिचं नाव नाही. फक्त सभागृहातले दिवे मालवू दिले नाहीत. पडद्यावरची चित्रं कुणालाच दिसली नाहीत, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मात्र त्या रात्रीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गासला गेलो होतो, ती वही कुणालाही देऊ नका म्हणून सांगायला. डेल्फिनबाय म्हणाली, साहेब पळाले त्यानंतर वर कोणी गेलेलं नाही.

मी चढलो. दार लावलेलं होतं. उघडलं. वही जागेवरच होती.

खिडकीपाशी दोरीवर, चिमट्याला एक फिल्म लटकत होती. ठिपक्यांनी भरलेली. ठिपक्यांची असली ठेवण आमच्या कुठल्याच फिल्मवर कधी उमटली नव्हती.

पस्तीस वर्षं फिल्मा धुतल्या मी, चिराग. जुनी कुठली, ताजी कुठली, मला कळतं.

खाली फरशीवर थेंब पडत होते...