ध्रुवबोधाचा धूर कुठे गेला

“ताई, मला ग्रंथ जाळायचाय,” असं म्हणून हणमंत कुरणेने अर्ज टेबलावर ठेवला.

वायुअधिकारी डॉ. मालन शेवाळे यांनी चष्मा कपाळावर चढवला. चंद्रावरच्या शांतिसागर वसाहतीत चारशे माणसं एका काचघुमटाखाली राहत होती, आणि तिथे साधी काडी ओढायची म्हटली तरी मालनताईंची सही लागायची. आजवर अर्ज आले ते वाढदिवसाच्या मेणबत्तीचे, फार तर सत्यनारायणाच्या उदबत्तीचे. हा मामला नवा होता.

“कुठला ग्रंथ?”

“ध्रुवबोध! आमचा ध्रुवबोध!” हे उत्तर दारातून आलं. वसाहतीतल्या ध्रुवपंथीयांचे प्रमुख केदारबुवा धापा टाकत आत शिरले. “अहो, याची जीभ झडेल!”

“झडू दे की,” हणमंत म्हणाला. “ताई, त्या ग्रंथात लिहिलंय, चंद्रावर पाय ठेवील तो नरकात जाईल. आणि हे बुवा दर सोमवारी चंद्रावर मांडी ठोकून तेच वाचतात! या ढोंगाचा निषेध म्हणून मी माझी प्रत जाळणार. वसाहतीच्या घटनेनं मला तेवढं स्वातंत्र्य दिलंय.”

“जाळून तर बघ! हात मोडून हातात देऊ!”

मालनताई विचारात पडल्या. नाही म्हणावं, तर उद्या वसाहतीत कुणी कशाचा निषेधच करू शकणार नाही. हो म्हणावं, तर दंगल. आणि इथली दंगल म्हणजे थट्टा नव्हे. एक दगड घुमटाच्या काचेला लागला, की आस्तिक-नास्तिक सगळे दोन मिनिटांत सारखेच गार!

त्यांनी हरितगृहाच्या प्रमुख रेहाना अत्तार यांना बोलावून घेतलं. रेहानाने आधी ग्रंथाचं वजन विचारलं. दोन किलो भरत होता.

“कागद म्हणजे बहुतेक सगळा वनस्पतीचा तंतू,” ती म्हणाली. “दोन किलो जाळायचा तर जवळजवळ अडीच किलो प्राणवायू लागेल. म्हणजे तीन माणसांचा दिवसभराचा श्वास.”

“ऐका! आमचाच श्वास घेऊन हा आमचाच ग्रंथ जाळणार!” बुवा ओरडले.

“बुवा, ओरडायलाही प्राणवायू लागतो,” मालनताई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांना वाट सापडली. “हणमंतराव, स्वातंत्र्य तुमचं आहे, पण हवा सगळ्यांची. तुम्ही तुमच्या वाट्याचा प्राणवायू वाचवा आणि खुशाल जाळा. चालणं नाही, काम नाही, बडबड तर नाहीच. किती दिवस लागतील गं, रेहाना?”

“नुसते पडून राहिले तर तेराएक दिवस.”

अशा रीतीने बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी हणमंत कुरणे तेरा दिवस तोंड मिटून खाटेवर पडला. “लग्नाला तीस वर्षं झाली, पण एवढा निवांतपणा पहिल्यांदाच बघितला,” असं त्याची बायको शेजारणीला सांगत होती. ध्रुवपंथीयांनी त्याच्या दाराशी घोषणा सुरू केल्या होत्या. पण प्रत्येक घोषणेगणिक त्यांच्याही वाट्याची हवा घटायला लागली, तेव्हा तेही फलक धरून मुकाट बसले. शांतिसागर नाव ठेवल्याचं त्या तेरा दिवसांत पहिल्यांदाच सार्थक झालं.

चौदाव्या दिवशी बंद भट्टीत ग्रंथ जळाला. सगळ्यांनी जाड काचेतून पाहिला. दंगल झाली नाही. हणमंताने लिहून आणलेलं भाषण तेरा दिवस न वापरलेल्या घशातून बाहेरच पडेना. केदारबुवा मात्र लेकरासारखे ढसाढसा रडले. मालनताईंना फार वाईट वाटलं. परवानगीवर सही त्यांचीच होती ना.

पाच आठवड्यांनी बुवा कचेरीत आले, एकटेच.

“ताई, तुमच्यावर राग नाही. पण आमच्यात जीर्ण ग्रंथाचं विसर्जन करतात. या बापड्याचं तेवढं तरी करू द्या. राख देता का?”

“राख वाफ्यात गेली, बुवा. इथे आपण काही टाकून देत नाही.”

“आणि धूर?”

“धूर गाळून त्यातला कर्बवायू नळीनं हरितगृहात सोडतात. झाडं तोच तर खातात. त्याचीच पानं होतात. त्या दिवसांत मेथी लावलेली होती.”

“मग ती मेथी?”

“गेल्या मंगळवारी भाजी झाली. सगळ्यांनी खाल्ली.”

“सगळ्यांनी?”

“हणमंतरावांनी तर दोनदा वाढून घेतली.”

बुवांचा चेहरा असा काही उजळला, की बोलून चूक केली हे मालनताईंना तिथल्या तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी भोजनगृहाच्या दारावर पाटी लागली: ‘ध्रुवबोध महाप्रसाद गेल्या मंगळवारी संपन्न झाला. सर्वांनी लाभ घेतला.’ आणि पाठोपाठ बुवांचा अर्ज आला. ध्रुवबोधाच्या अकरा नव्या प्रती जाळण्याची परवानगी मिळावी. पंथाची माणसं हवे तितके दिवस मौन पाळून पडून राहायला तयार आहेत.

हणमंत तणतणत आला. “माझ्या भावना दुखावल्यात, ताई! मला न विचारता माझ्या पोटात धर्म घातला! अर्ज फेटाळा!”

“का रे बाबा? तुला स्वातंत्र्य, आणि आम्हाला नाही होय?” काखेत नवी कोरी प्रत घेऊन बुवा मागेच उभे होते. दोघांची अशी जुंपली, की कपाटामागच्या पंपाचा आवाजही ऐकू येईना.

“बुवा,” मालनताई कंटाळून म्हणाल्या, “ही प्रत कुठल्या कागदावर छापलीत?”

“इथल्याच. केळीच्या सोपटाचा कागद आहे.”

“आणि केळी कशावर वाढली? आपण सोडलेल्या श्वासावर. गेली वीस वर्षं या घुमटात सगळ्यांत जास्त तोंड कुणी चालवलंय, ते मी सांगायला नको. तुमच्या ग्रंथाच्या पानापानात हणमंतराव आहेत.”

बुवांनी काखेतली प्रत अशी दूर धरली, जणू तिला वास येत होता. हणमंताला तर घामच फुटला. “मी? पोथीत?”

दोघे कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. मग जन्मात पहिल्यांदा त्या दोघांनी एकाच कागदावर सही केली: ‘आम्हा उभयतांस वेगवेगळी हवा मिळावी.’

मालनताईंनी कपाट उघडलं आणि दोन अवकाशपोशाख टेबलावर ठेवले. “घ्या. प्रत्येकी आठ तासांची हवा. कुणाशी वाटून घ्यायची नाही.”

पोशाखाचे पाठीचे बंद आपले आपल्याला लावता येत नाहीत. हणमंताने बुवांचे लावले, बुवांनी हणमंताचे. शिरस्त्राण डोक्यावर चढवता चढवता बुवा थबकले.

“ताई, या टाक्या तुम्ही भरता कुठून?”

“इथूनच, या खोलीतून. आत्ताच भरल्या. तुम्ही दोघं भांडत होतात ना, तेव्हा पंप चालू होता.”

बुवांनी शिरस्त्राण खाली ठेवलं. हणमंतानेही ठेवलं. मग एकमेकांकडे न बघता दोघेही तसेच उभे राहिले, अगदी जपून, थोडा थोडा श्वास घेत.