दोन किल्ल्यांचं कपाट

“छत्री तुमची, आणि पाणी मात्र सगळं माझ्याच खांद्यावर!”

ऑगस्टची पिरपिर चालली होती. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर मी कारखान्याच्या बसची वाट बघत उभी होते. ‘कुठं मेली ही बस!’ असं मी आपली स्वतःशीच पुटपुटले, आणि तेवढ्या मराठीच्या आधारावर एक अनोळखी तरुण सरळ माझ्या छत्रीखाली शिरला. वर पुन्हा तक्रार!

“मग आपली छत्री आणावी,” मी म्हटलं.

“आणणार होतो. पण पुण्यात सगळे म्हणाले, बंगलोरची हवा इतकी छान... छत्री लागतच नाही.”

“न येताच सांगणारे असणार ते.”

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरे आणि तो बोटानं वर ढकली. मी घाईघाईनं रस्त्याकडे बघू लागले. पण छत्री — काय सांगू — छत्री आपोआप थोडी त्याच्याकडे झुकली.

“कारखान्यात काय करता आपण?”

झालं! आमच्या कारखान्यात काम लागलं की पहिल्या दिवशी लिहून घेत, आपण काय करतो ते बाहेर कुणालाही सांगायचं नाही. सरकारी कारखाना, यंत्रं सरकारची, वर्ष १९६३. मी शांतपणे म्हटलं, “कॅन्टीनमध्ये असते. उप्पीट करते.”

“अरे वा! मीही कॅन्टीनमध्येच. कॉफीकडे.”

“कधी दिसला नाहीत ते?”

“आजच रुजू होतोय.”

बस आली. तो पुढे चढला, मी मागे. कॉफी करणाऱ्याच्या हातात गणितं करायचा सरकता रूळ कशाला, हा प्रश्न मला पडला होता खरा.

सव्वाआठला त्याचं उत्तर मिळालं. रेकॉर्ड खोलीत आमचे प्रमुख हयवदनराव त्याला घेऊन आले. हयवदनराव धारवाडचे, कपाळावर उभं गंध, तोंडात अर्धी मराठी, अर्धी कानडी. मला ते मुलीसारखं मानत आणि तरी अक्का म्हणत.

“शालनक्का, हे दाबके. नंदकिशोर दाबके. इंजिनियर. आजपास्नं पहिली किल्ली ह्यांच्याकडं. आणि दाबके, दुसरी किल्ली हिची.”

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.

“...उप्पीट?” तो हळूच म्हणाला.

“...कॉफी?” मी.

हयवदनरावांना काहीच कळेना. “काय झालं? भूक लागली काय दोघांना?”

त्या खोलीत भिंतीएवढं एक लोखंडी कपाट होतं. कारखान्यात होणाऱ्या प्रत्येक यंत्राचे पूर्ण नकाशे त्यात. कपाटाला दोन कुलपं. दोन किल्ल्या एकाच वेळी फिरवल्या तरच दार उघडे. कुणी एकट्यानं कधीही उघडू नये, म्हणून ही युक्ती. रोज सकाळी दोघांनी शेजारी उभं राहायचं आणि हयवदनरावांनी कानडीत एक-दोन-तीन मोजायचं — “वंदु, एरडु, मूरु!” मूरुला दोन मनगटं एकदम वळायची.

ती किल्ली माझ्यासाठी काय होती ते सांगायलाच हवं. आमचं घर मूळचं निपाणीकडचं. वडील, आप्पाजी, रेल्वेच्या नोकरीनं इथं आले आणि इथलेच झाले. मी मॅट्रिक होऊन कारखान्याच्या ट्रेसिंग हॉलमध्ये, नकाशे गिरवायला, लागले. तिथं मोठा नकाशा तुकड्यातुकड्यांनी यायचा. ज्याच्या पासावर जेवढं लिहिलेलं, तेवढंच त्याला दिसणार. पांढरा पास फाटकापुरता, हिरवा हॉलपुरता, लाल पट्टीचा पास कपाटापर्यंत. माझा हिरवा. तीन वर्षं मी दातेरी चाकं काढली, पण ती कशात फिरतात हे मला ठाऊक नव्हतं!

एकदा एका चाकाचे दात मला एकानं कमी वाटले. मी ते लिहून पाठवलं आणि ते खरंच कमी निघाले. तेव्हा हयवदनरावांनी लाल पट्टीच्या यादीसाठी माझं नाव घातलं. वर केवढा गोंधळ! “मुलगी? उद्या लग्न झालं की किल्ली कुणाच्या घरी जाईल?” हयवदनराव म्हणाले होते, “उद्याचं उद्या बघू. आज हिच्याएवढी नजर कुणाची हाय ते सांगा.”

किल्ली मिळाली त्या दिवशी त्यांनी अख्खा नकाशा टेबलावर पसरला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. “बघ अक्का, हे तुझं चाक.” माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. माझं एवढंसं चाक, आणि त्याच्यामुळे फिरणारं केवढं मोठं यंत्र! त्या माणसाचे उपकार मी सात जन्म फेडू शकणार नाही.

भिंतीवर नियमांची पाटी होती. त्यातले दोनच सांगते, कारण माझं सगळं आयुष्य त्या दोन ओळींपाशी येऊन अडलं. एक, दोन्ही किल्ल्या एकमेकांच्या नात्यातल्या माणसांकडे असू नयेत. दुसरा, यादीतल्या माणसाची सही बदलली तर किल्ली जमा करावी, नव्यानं चौकशी होईल. चौकशीला सहा महिने लागत, आणि एकदा जमा झालेली किल्ली परत आलेली कुणी पाहिली नव्हती.

तर अशा त्या सकाळी सुरू झाल्या. रोज सव्वाआठ.

“आज उप्पीट कसं झालंय?” दाबके किल्ली घालता घालता विचारत.

“खारट. कॉफी?”

“तुम्ही नव्हता तोवर कडू होती.”

“दाबके... कुलपाकडे बघा.”

“बघतोय की.”

कुलपाकडे ते कधीच बघत नसत! मला कसं ठाऊक विचाराल, तर... मीही बघत नसे. मूरु म्हणताना हयवदनराव मात्र दिवसेंदिवस जास्त वेळ घेऊ लागले. एरडु आणि मूरुच्या मध्ये खोकायचे, चष्मा पुसायचे. तेव्हा मला वाटे, म्हातारपण!

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. रस्ताभर शेंगांचे ढीग, नंदीच्या देवळापर्यंत माणसांची रीघ. मी आईला घेऊन गेले होते, आणि दाबके समोरून आले. अगदी योगायोगानं, असं ते म्हणाले. माझी आई गंगव्वा म्हणजे पाहुणा दिसला की आधी त्याचं पोट बघणारी.

“किती वाळलाय रे हा! स्वल्प खा की, बाबा. लाजतोस काय?” असं म्हणत तिनं उकडलेल्या शेंगा त्यांच्या दोन्ही खिशांत कोंबल्या.

गर्दीत आई दोन पावलं पुढे गेली. दाबक्यांनी एक शेंग फोडली. आत तीन दाणे होते. एक स्वतः खाल्ला, एक मला दिला, आणि तिसरा हातात घेऊन घुटमळत उभे राहिले.

“हा कुणाचा?” मी विचारलं.

“ठेवून देऊ... पुढं लागेल.”

इतकी लाजले मी! आईलाच हाक मारली.

दुसऱ्या दिवशी कपाटापाशी त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्याबरोबर चार शेंगा टपटप जमिनीवर पडल्या. हयवदनरावांनी त्या उचलल्या, एक फोडून खाल्ली, आणि म्हणाले, “कॅन्टीनवाले, वंदु!” म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं तर.

पण पाटीवरची ती ओळ काही हललेली नव्हती. जानेवारी उजाडला, आणि दर वर्षीचा कागद आला. प्रत्येक किल्लीवाल्यानं सही करायची: ‘दुसऱ्या किल्लीच्या व्यक्तीशी माझे नाते नाही व तसे होण्याचा संभव नाही.’

मी पेन हातात घेतलं. काय करणार होते? त्यांनी तोंडानं कधी काही विचारलं नव्हतं. शेंगेच्या दाण्यावर कुणी किल्ली सोडतं का? मी सही केली. नुसतं ‘शालन’ आणि खाली एक रेघ, माझी नेहमीची सही. रेघ जरा वाकडी गेली एवढंच.

दाबक्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला, पेनला टोपण लावलं आणि म्हणाले, “राव, मला ह्यावर सही करता येणार नाही.”

“का बरं?”

“खोटं होईल. माझ्या बाजूनं... संभव आहे.”

माझे कान तापले. आणि दुसऱ्याच क्षणी मला राग आला, असा राग की सांगता सोय नाही. सुटी झाल्यावर बसपाशी मी त्यांना गाठलं.

“मला विचारायच्या आधी रावांना सांगितलंत?”

“शालन, मी...”

“आता काय होईल ठाऊक आहे? दोघांतल्या एकाची किल्ली जाणार. आणि ती कुणाची जाते हे काय मी सांगायला हवं? बाईचीच! तीन वर्षं मी एक चाक काढत होते, दाबके. आता कुठं सगळं यंत्र दिसायला लागलं होतं.”

ते काहीतरी बोलणार होते. मी बसमध्ये चढले आणि मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसले. तिकडून काय दिसत होतं कोण जाणे, डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला कपाटापाशी मी एकटीच. हयवदनरावांच्या टेबलावर पहिली किल्ली पडली होती, आणि तिच्याखाली एक अर्ज. ‘मला यंत्रशाळेत बदली मिळावी. पहिली किल्ली परत करीत आहे.’

“तारीख बघ,” राव म्हणाले.

तारीख कागद यायच्या आदल्या दिवसाची होती. माझ्या सहीच्याही आधीची.

“मी त्याला विचारलं, अरे, ती नको म्हणाली तर? तुझी किल्ली बी गेली आणि ती बी गेली. तर म्हणाला, जाऊ दे राव. किल्ली तरी तिच्याकडं राहील.”

मी खुर्चीवर बसले. काल मी ज्याला इतकं बोलले, त्यानं आपलं सगळं आधीच टेबलावर ठेवलं होतं, आणि ते मला सांगायचीसुद्धा घाई केली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. आणि लाजेच्या खाली इतकं भरून आलेलं होतं... माझ्यासाठी असं कुणी करेल, हे मला कधी खरंच वाटलं नव्हतं.

“राव, माझा कालचा कागद परत मिळेल?”

“सही झालेला कागद परत मिळत नाही, अक्का.” मग चष्म्यावरून बघत म्हणाले, “पण माहिती चुकीची असली तर दुरुस्त करता येते. नियमच हाय तसा. सरी? बरोबर हाय न्हवं?”

चार दिवसांनी खिडकीपाशी दाबके आले. आता त्यांच्याकडे हिरवा पास. खोलीत यायची परवानगी नाही. खिडकीबाहेर उभं राहून, सही करून, आपल्यापुरता नकाशा न्यायचा. आत पहिल्या किल्लीवर विश्वेश्वर नावाचे एक पोक्त गृहस्थ आले होते. त्यांचं लक्ष कुलपाकडेच असे.

“पास?” मी विचारलं.

त्यांनी पास दिला. मी उलटापालटा करून नीट तपासला. नियम म्हणजे नियम!

“कागदात चूक झाली होती माझ्या,” मी नकाशा सरकवत, खाली बघत म्हटलं. “दुरुस्त केली.”

“काय... काय लिहिलंत?”

“‘संभव नाही’ मधलं ‘नाही’ खोडलं. आणि ‘आहे’ लिहिलं.”

त्यांचा चष्मा घसरला. तो वर ढकलायचंही त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी खिशातून कागदाची एक पुडी काढून खिडकीच्या फळीवर ठेवली. आत भुईमुगाचा एक वाळका दाणा होता.

मे महिन्यात लग्न ठरलं. पुण्याहून सासूबाई आल्या, प्रेमळ आणि हौशी. माझं नवं नाव त्या येतानाच निवडून घेऊन आल्या होत्या: कल्पना. “किती गोड नाव, नाही का गं?” मी मान हलवली. गोड होतं. पण नाव बदललं की सही बदलणार, आणि सही बदलली की... पाटीवरची दुसरी ओळ.

कुणाला सांगणार? सांगायची तर बंदीच. आणि मनात म्हटलं, त्यांनी माझ्यासाठी किल्ली सोडली, मी त्यांच्या आईसाठी नाव सोडीन. घेतच राहायचं का नुसतं? किल्ली जमा करण्याचा अर्ज मी लिहिला, घडी घातली आणि लग्नाच्या दिवशी कमरेच्या रुमालात खोचला. अख्खा नकाशा एकदा डोळे भरून बघून आले होते. तेवढंही पुष्कळ होतं. खरंच पुष्कळ होतं.

दाबक्यांच्या भाड्याच्या घरात लक्ष्मीपूजन झालं. तांदळाचं ताट पुढं आलं. नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. सगळ्या बायका वाकून बघू लागल्या. मी मात्र मान वर केली नाही. अंगठी तांदळातून सरसर फिरत होती... एक अक्षर, दुसरं, तिसरं. आणि मग खाली एक रेघ.

रेघ? मी दचकून बघितलं.

‘शालन’.

“अरे नंदू, हे काय?” सासूबाई म्हणाल्या. “हे तर तिचं जुनंच!”

“हेच राहू दे, आई. हे बदललं तर तिची किल्ली जाईल.”

“किल्ली? कसली रे किल्ली?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा वर ढकलला. “कॅन्टीनची.”

पाहुण्यांत बसलेल्या हयवदनरावांना जोराचा खोकला आला. मला हसू आवरेना, आणि हसता हसता रडूही. सासूबाईंनी माझ्या हनुवटीला हात लावला. “नंदू म्हणतोय तर असेल काहीतरी. शालन तर शालन. साखर वाटा गं!”

त्या माउलीचेही उपकार मोजता यायचे नाहीत. कशासाठी ते न विचारता त्यांनी आपली हौस बाजूला ठेवली. शेवटपर्यंत त्यांना वाटे की सून मोठ्या कारखान्यात उप्पीट करते. रविवारी माझ्या उप्पिटाचा हमखास गिचका व्हायचा, तेव्हा त्या हळूच मुलाला विचारायच्या, “हे खाऊन यंत्रं बनवतात?”

कमरेचा तो अर्ज मी त्याच दुपारी फाडला. आठवड्यानं कामावर गेले. यादीत ‘कुमारी’ खोडून ‘सौभाग्यवती’ झालं होतं. हयवदनरावांच्या शाईची एक ओळ, बाकी सगळं तेच. विश्वेश्वर शेजारी उभे राहिले, राव म्हणाले, “वंदु, एरडु, मूरु,” आणि दार उघडलं.

दहा वाजता खिडकीवर टकटक झाली. बाहेर दाबके. हात रिकामे, चेहरा ओशाळा.

“पास घरी राहिला... आपल्याच घरी.”

“मग नकाशा मिळणार नाही.”

“मी तुमचा नवरा आहे हो!”

“यादीत तसं काही लिहिलेलं नाही,” मी म्हटलं, आणि सकाळी देवापाशी पडलेला, मी पदराला बांधून आणलेला त्यांचा हिरवा पास खिडकीतून बाहेर सरकवला.