फाइल बंद करताना

सरकारी दवाखान्याच्या तिसऱ्या खिडकीवरूनही बाइंडरला परत पाठवलं, तेव्हा हातातले कागद निसटून जिनाभर पसरले. ते गोळा करायला एक मुलगी वाकली. वाचता वाचताच तिने विचारलं, "पक्षाघात कोणाला... आईंना?"

"हो. नर्ससाठी एक ऑफिस, चाकाच्या खुर्चीसाठी दुसरं, व्यायामासाठी तिसरं! मी पुस्तकं शिवतो हो, मॅडम — ही असली बांधणी मला नाही जमत."

"ते माझं काम," ती हसली. "मी केस मॅनेजर, रुग्णाच्या सगळ्या सोयी एका फाइलीत जुळवून देते. द्या इकडे."

आणि खरंच, पंधरवड्यात घराची घडी बसली. सकाळी नर्स येऊ लागली, एक दिवसाआड व्यायामाच्या ताई. न्हाणीघरात धरायला दांडी लागली. आजारी म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या डे सेंटरची गाडीही ठरली. आता आईला तेवढे दोन जिने उतरता आले, की फाइल बंद.

फाइल बंद म्हणजे हिचं येणं बंद.

चौथ्या महिन्यात ती पेन सरसावून बसली. "जिना?"

"छे! दोन पायऱ्यांतच दम लागतो."

"मागच्या वेळी चार होत्या."

"ते... थंडीमुळे."

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली. हातात काठी, खांद्याला पिशवी. "अगंबाई, तू आलीस? मी खाली पाव आणायला गेले होते!"

बाइंडरची मान खाली गेली.

"खोटं का सांगितलंत?" तिने हळूच विचारलं.

"खरं सांगितलं असतं, तर... तुम्ही पुन्हा आला नसता."

ती पेनाचं टोपण फिरवत राहिली. "आमचा नियम आहे. फाइल उघडी असेपर्यंत त्या घरात कोणाशी कामापलीकडचं बोलायचं नाही. चार महिने मी आईंच्या पायऱ्या मोजतेय... आणि तुम्ही उलट्या मोजताय!"

"म्हणजे — ?"

"म्हणजे गप्प बसा. आधी फाइल बंद करायला आईंची सही."

"आण गं इकडे," आई म्हणाली. "हा गाढव जन्मभर फाइल उघडी ठेवेल."

आईचा उजवा हात अजून जड होता. पहिलं अक्षर वाकडं उमटलं. मग विश्रांती. मग दुसरं. दोघंही श्वास रोखून कागदावर वाकले होते.

"आई, हात धरू का?"

"माझा नको," आई मान वर न करता म्हणाली.