यादीतला एकही शब्द सुटता कामा नये

"‘गुपचूप’ या शब्दावर कोणी कविता करतं का?" ढोल्यानं विचारलं.

"करावीच लागणार," चिमटी म्हणाली. "नियम आहे. यादीतला एकही शब्द सुटता कामा नये!"

हा नियम वाचनालयाच्या अध्यक्षांचा. सुट्टीतल्या कविता शिबिरात ते रोज सकाळी फळ्यावर सात शब्दांची चिठ्ठी डकवत आणि घाईघाईनं निघून जात. आजवर चंद्र, झरा, फुलपाखरू असलेच शब्द आले होते. तीन दिवसांत ढोल्यानं इतकी फुलपाखरं उडवली होती की त्याला शिंका यायच्या बाकी होत्या. आज मात्र चिठ्ठीवर होतं: शनिवार, टेम्पो, पोती, सुतळी, रद्दीवाला, बालविभाग, गुपचूप.

"हे शब्द नाहीत, ही कामांची यादी आहे," चिमटी म्हणाली. एकदा धरलेली गोष्ट ती सोडत नसे, म्हणून तर ती चिमटी. ढोल्या तिचा चुलतभाऊ. त्याच्या पाठीवर दोघं आरामात उभे राहू शकत.

दुपारी त्याच्या पाठीवर चढूनच तिनं बालविभागाच्या खिडकीतून डोकावलं. दारावर ‘रंगकाम चालू’ अशी पाटी होती. आत रंगाचा थेंब नव्हता! कपाटं रिकामी, पुस्तकं जमिनीवर, भिंतीशी पोती. मधोमध अध्यक्ष टेपनं जमीन मोजत फोनवर बोलत होते.

"हो हो, केबिनच! फिरती खुर्ची इथे. मुलांचं काय घेऊन बसलात? हल्ली वाचतंय कोण?"

"मी वाचतो!" खालून ढोल्या गुरगुरला.

"तू आधी हलू नकोस!"

घरी चिमटीनं सगळं बाबांना सांगितलं. बाबांनी वर्तमानपत्र न हलवता उत्तर दिलं, "मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये." ग्रंथपाल मावशी गुरुवारपर्यंत रजेवर. म्हणजे ऐकणारं कोणीच नाही!

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष घामाघूम होऊन आले. "काल चुकून भलतीच चिठ्ठी लागली. आता हे घ्या: पहाट, दव, कळी..."

"कालच्या कविता लिहून झाल्या, सर," चिमटी म्हणाली.

"फाडून टाका."

"नाही फाडणार!"

"मग तुझं नाव स्पर्धेतून कापीन!"

चिमटीला गेल्या वर्षी दुसरा नंबर मिळाला होता. यंदाच्या पहिल्यासाठी ती वर्षभर यमकं साठवत होती. ती म्हणाली, "कापा."

अध्यक्षांनी खरंच कापलं. ते गेल्यावर चिमटी बाकावर चढली आणि उरलेल्या अकरा मुलांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

शुक्रवारी समारोपाला सभागृह पालकांनी भरलं. "आता ऐका, दवबिंदूंची कविता!" अध्यक्षांनी ढोल्याला पुढे केलं. ढोल्यानं खाकरून टेम्पोची कविता वाचली. दुसऱ्या मुलीनंही टेम्पोच आणला. पाचव्या टेम्पोला पालक कुजबुजू लागले. नवव्या टेम्पोला चिमटीच्या बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"वात्रट कार्टी! थट्टा करतायत!" अध्यक्ष ओरडले.

तेवढ्यात नाव कापलेली चिमटी खुर्चीवर उभी राहिली.

"शनिवारी येईल टेम्पो, पोती भरतील फार,
सुतळीनं आवळतील गोष्टींचा संसार.
रद्दीवाला विचारेल, ‘राक्षस कुठे ठेवू?’
बालविभाग ओरडेल, ‘गुपचूप नको नेऊ!’"

"शनिवार म्हणजे उद्याच की!" कुणाची तरी आजी म्हणाली.

ग्रंथपाल मावशी आजच रजेवरून परतल्या होत्या. त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि त्या चालू लागल्या. मागोमाग अख्खं सभागृह. दार उघडलं.

"रंगकाम..." अध्यक्ष पुटपुटले.

"रंग कुठाय?" मावशींनी विचारलं.

अध्यक्षांनी छताकडे पाहिलं. तिथेही नव्हता.

कोट काढून बाबांनी पहिलं पोतं सोडलं. "चुकलं माझं, चिमटे. अशा वेळी नाक खुपसायचंच!" सगळे पुस्तकं लावायला लागले. वरच्या फळीसाठी स्टुलावर अध्यक्षांना चढवलं, आणि स्टूल धरायला ढोल्याला ठेवलं, म्हणजे ते उतरायचे नाहीत.

मावशींनी चिमटीला जवळ बोलावलं. वीस वर्षांत त्यांनी कोणाचं कौतुक केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"कविता बेताचीच आहे," त्या म्हणाल्या. "आता ती खिडकी उघड, आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशी वाच!"